सुपरव्हिजनला तुम्ही नेमकं काय घेऊन जाता? (समुपदेशक, सायकॉलॉजिस्ट मंडळींसाठी, बाकीच्यांनीही यावं)

खिडकीपाशी:
बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. समुपदेशनात मला आता सहावं वर्ष. पहिली दोन वर्षं संस्थेत होते तेव्हा सुपरव्हिजन आपोआप मिळायचं, दर आठवड्याला एक तास, कंटाळा आला तरी जावंच लागायचं. मग स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली आणि ते हळूहळू सुटत गेलं, आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग 'काही अडलं तर फोन करीन' आणि शेवटी अडलं तरी फोन नाही. गेलं दीड वर्ष मी माझ्या कामाबद्दल कोणाशीही धड बोललेले नाही आणि गंमत म्हणजे त्याचं काही वाटतही नव्हतं, उलट आता आपण तयार झालो असंच वाटत होतं.

गेल्या महिन्यात फायली आवरायला घेतल्या. माझ्या नोट्स साधारण पानभर असतात. एका क्लायंटच्या (तपशील सगळे बदललेत) नोट्स आधी पानभर, मग अर्धं पान, आणि शेवटच्या पाच सेशनच्या मिळून अकरा ओळी. एका तारखेखाली तर नुसतं 'मागीलप्रमाणे'. पन्नास मिनिटं माणूस समोर बसून बोललाय आणि मी लिहिलंय मागीलप्रमाणे! त्या दिवशी काय बोलणं झालं ते आठवून बघितलं तर काही म्हणजे काही आठवेना. एवढंच आठवलं की घड्याळ तिच्या पाठीमागच्या भिंतीवर आहे ते किती सोयीचं आहे असा विचार मी करत होते.

जुन्या सुपरव्हायजर मॅडमना मेल लिहायला घेतला आणि लाज वाटायला लागली. ड्राफ्ट तसाच पडलाय. म्हणून आधी इथे विचारते. तुम्ही सुपरव्हिजन घेता का, किती दिवसांनी, आणि खरं सांगा, तिथे काय नेता? चांगली चाललेली केस की फसलेली?

तिरका_बोका:
मी तुमच्या क्षेत्रातला नाही, सॉफ्टवेअरवाला. सहा वर्षं अनुभव असलेल्या माणसाला सुपरव्हायजर कशाला लागतो? म्हणजे स्वतःची प्रॅक्टिस असली तरी डोक्यावर मॅनेजर असतोच का? प्रश्न खवचट वाटला तर सोडून द्या, पण कुतूहल खरं आहे.

जुनी_वही:
बोकोबा, तुमची चूक नाही, शब्दच घात करतो. सुपरव्हिजन म्हटलं की परीक्षेच्या हॉलमध्ये हात मागे बांधून फिरणारा माणूस डोळ्यासमोर येतो, आणि मराठीत पर्यवेक्षण म्हटलं की अजूनच धडकी भरते. खरं तर खोलीत दोन माणसं असतात, थेरपिस्ट आणि सुपरव्हायजर, आणि समोर नसलेल्या तिसऱ्या माणसाबद्दल, म्हणजे क्लायंटबद्दल बोलतात, एवढंच. मी हे काम पंचवीसेक वर्षं करतेय, त्यातली बारा-तेरा वर्षं इतरांना सुपरव्हिजन देतेय, आणि स्वतः अजूनही घेते.

ही काही नवी टूम नाही. १९२० मध्ये बर्लिनमध्ये मॅक्स आयटिंगॉन वगैरे मंडळींनी मनोविश्लेषणाचं क्लिनिक काढलं, आणि तिथेच शिक्षणाची तीन पायांची पद्धत बसली: स्वतःचं विश्लेषण करून घ्यायचं, थिअरी शिकायची आणि अनुभवी माणसाच्या नजरेखाली केसेस घ्यायच्या. हे शिकाऊ लोकांसाठी झालं. पण ब्रिटनमधल्या बीएसीपी या समुपदेशकांच्या संघटनेत अक्रेडिटेड सभासदाला महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावंच लागतं, मग कामाला वीस वर्षं झालेली असोत. कारण साधं आहे. सर्जनच्या शेजारी नर्स असते, भूलतज्ज्ञ असतो, काही चुकलं तर कोणाला तरी दिसतं. आमच्या खोलीत दार लावल्यावर कोणी नसतं, आणि समोरचा माणूस 'तुम्ही आज लक्ष देत नव्हता' असं तोंडावर सांगण्याच्या परिस्थितीत क्वचितच असतो.

खिडकीपाशी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: ती अकरा ओळींची केस ने. दुसरं काही नको.

मधला_स्टॉप:
'आपण तयार झालो' यावरून आठवलं. २०१२ मध्ये वॉलफिश आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला होता, त्यांनी १२९ थेरपिस्टना विचारलं की इतरांच्या तुलनेत तुम्ही स्वतःला कुठे ठेवाल. साधारण पाव लोकांनी स्वतःला वरच्या दहा टक्क्यांत बसवलं. सरासरीच्या खाली आहोत असं म्हणणारा एकही नाही. एकही!! मी हा पेपर वाचला तेव्हा हसलो आणि मग मनात आपला नंबर कुठे लावला होता ते आठवून गप्प बसलो.

तिरका_बोका:
हे तर आमच्याकडे कार चालवणाऱ्यांसारखं झालं, प्रत्येक जण सरासरीपेक्षा बरा.

पाऊलखुणा७:
मी क्लायंट आहे, थेरपीला दोन वर्षं जातेय, आणि हा धागा वाचून पोटात गोळा आला. म्हणजे मी जे सांगते ते माझी थेरपिस्ट कुठल्या तरी तिसऱ्या व्यक्तीला सांगत असेल? मला तर कोणी सांगितल्याचं आठवत नाही. रागाने नाही विचारत आहे, पण काही गोष्टी मी नवऱ्यालाही सांगितलेल्या नाहीत.

खिडकीपाशी:
@पाऊलखुणा७, हे सुरुवातीलाच सांगायला हवं, पहिल्याच सेशनला. मी माझ्या संमतीपत्रात लिहिते आणि तोंडीही सांगते (आणि सांगते तेव्हा सुपरव्हिजन घेत नव्हते, हे आत्ता टाइप करताना लक्षात आलं, अरे देवा).

जुनी_वही:
पाऊलखुणा, गोळा येणं बरोबर आहे. सुपरव्हिजनमध्ये नाव, कामाचं ठिकाण, ओळख पटेल असा कुठलाही तपशील सांगत नाहीत. सुपरव्हायजरवरही गोपनीयतेचं बंधन तुमच्या थेरपिस्टइतकंच असतं, आणि तो माणूस तुम्हाला ओळखतो असं पहिल्या दोन वाक्यांत लक्षात आलं तर आम्ही तिथेच थांबून ती केस दुसऱ्या सुपरव्हायजरकडे न्यायला सांगतो. मी स्वतः दोनदा असं केलंय. रेकॉर्डिंग असेल तर ते फक्त लेखी संमतीने, आणि दिलेली संमती तुम्ही कधीही मागे घेऊ शकता, त्यामुळे थेरपी बंद होत नाही.

आणि एक. तिथे बहुतांश वेळ तुमच्यावर चर्चा होत नाही, तुमच्या थेरपिस्टवर होते. 'ती असं म्हणाली तेव्हा तू विषय का बदललास?' या जातीचे प्रश्न असतात. पुढच्या वेळी सरळ विचारा, तुम्ही सुपरव्हिजन घेता का, त्यात माझ्याबद्दल काय सांगता. विचारल्यावर थेरपिस्ट चिडली तर ती मात्र काळजीची गोष्ट.

पाऊलखुणा७:
विचारेन. थोडं बरं वाटलं, पूर्ण नाही.

शिकाऊ_उमेदवार:
इथे जरा माझं रडगाणं गातो. मी ट्रेनिंगमध्ये आहे, संस्थेचं नाव सांगत नाही. ज्या बाईंच्या हातात माझं मूल्यमापन त्यांच्याचकडे माझं सुपरव्हिजन. दुसऱ्या महिन्यात मी प्रामाणिकपणे सांगितलं की एका क्लायंटची मला भीती वाटते, तो मोठ्याने बोलायला लागला की मला घाम फुटतो आणि तो म्हणेल त्याला मी हो हो करत सुटतो. त्या तेव्हा छान मान डोलावून ऐकत होत्या. महिन्याच्या शेवटी रिपोर्टमध्ये शेरा, 'आत्मविश्वासाचा अभाव'. त्यानंतर मी काय करतो माहितीये? दर आठवड्याला एक गोंडस केस तयार करून नेतो. ज्यात एक छोटीशी चूक मुद्दाम ठेवलेली असते, म्हणजे त्यांना दुरुस्त केल्याचं समाधान आणि माझी सुटका. तो मोठ्याने बोलणारा क्लायंट अजून येतोय आणि मी अजून हो हो करतोय.

मधला_स्टॉप:
मुद्दाम ठेवलेली चूक!! मी पण हेच करायचो, मला वाटलं होतं हा माझाच शोध आहे.

जुनी_वही:
हसू आलं आणि वाईटही वाटलं. हे तुमच्या दोघांपुरतं नाही. निक लडानी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये शिकाऊ थेरपिस्टना विचारलं होतं की सुपरव्हायजरपासून काय लपवता, तर नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी काही ना काही लपवल्याचं कबूल केलं. स्वतःच्या चुका, क्लायंटबद्दलच्या नकोशा भावना, आणि सगळ्यात जास्त म्हणजे सुपरव्हायजरबद्दलचा राग.

कामाचा हिशेब ठेवणारा माणूस आणि मन मोकळं करायचा माणूस एकच असला की हे होणारच. ब्रिजिड प्रॉक्टरने १९८० च्या दशकात सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली होती, ढोबळ मराठीत सांगायचं तर काम नीट होतंय ना हे बघणं, शिकवणं, आणि दमलेल्या माणसाला पुन्हा उभं करणं. बॉस सुपरव्हायजर झाला की पहिलं काम बाकीची दोन खाऊन टाकतं. जिथे शक्य आहे तिथे दोन माणसं वेगळी ठेवावीत. शक्य नसेल तर निदान सुरुवातीला कागदावर लिहून घ्यावं की या खोलीतलं काय बाहेर जाईल, कोणाकडे, आणि जाण्याआधी मला दाखवलं जाईल का. शिकाऊ लोकांना हे विचारायचा धीर होत नाही हे मला कळतं, म्हणून मी स्वतःच पहिल्या दिवशी सांगते.

पण बाबा, त्या क्लायंटचं काहीतरी कर. संस्थेबाहेरचा एखादा सुपरव्हायजर महिन्यातून एकदा तरी गाठ, संस्थेला सांगून, आणि तिथे ही एकच केस ने. तुझी भीती ही माहिती आहे. तुला घाम फुटतो तर त्याच्या आसपासच्या माणसांना काय होत असेल याचा तो एकमेव नमुना तुझ्याकडे आहे.

रात्रपाळी_संपली:
जुनीताई, शेवटची दोन वाक्यं वहीत उतरवून घेतली.

मी हेल्पलाइनवर होते चार वर्षं. आमच्याकडे शिफ्ट संपल्यावर वीस मिनिटं डिब्रीफिंग (झालेल्या कॉल्सबद्दल बोलून मोकळं होणं) असायचं आणि सगळ्यांना घरी पळायची घाई, त्यामुळे 'काही विशेष? नाही ना? चला'. मला स्वतःला काही कळलंच नाही. रात्री दाराची कडी मी तीन-तीनदा बघायला लागले, उठून जायचे, हात लावायचे, परत यायचे आणि परत उठायचे. मुलीला मैत्रिणीकडे राहायला पाठवणं बंद केलं. मला वाटायचं मी सावध झालेय, जग काय आहे ते मला आता कळलंय! सहा महिन्यांनी बाहेरून सुपरव्हायजर यायला लागले, त्यांनी केसबद्दल विचारायच्या आधी विचारलं, 'झोप कशी आहे?' आणि मग कडीचं सगळं बाहेर आलं. मॅककॅन आणि पर्लमन यांनी १९९० मध्ये याला नाव दिलंय, व्हायकॅरिअस ट्रॉमा, म्हणजे दुसऱ्यांचे आघात ऐकून ऐकून आपलंच जगाकडे बघणं बदलतं. मी परीक्षेत त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं होतं हो, पण कडीला हात लावताना ते काही आठवलं नाही.

माझा प्रश्न असा की हे सुपरव्हिजनमध्ये किती बोलावं? मला तिथे रडू आलं होतं आणि नंतर वाटलं की आपण त्यांना आपला थेरपिस्टच करून टाकलं.

जुनी_वही:
रडू आलं तर आलं. टिश्यूचा डबा तिकडेही असतो. मी रेघ अशी ओढते: याचा तुझ्या कॉल्सवर काय परिणाम होतोय, हे माझ्या खोलीत. हे तुझ्यात कुठून आलं, लहानपणी काय झालं, हे तुझ्या स्वतःच्या थेरपीत. रेघ नेहमी सरळ पडतेच असं नाही, पण सुपरव्हायजर दर वेळी आतल्या खोल्या उघडायला लागला तर उठून यावं.

तिरका_बोका:
परत एक खवचट. याने क्लायंटचा फायदा होतो याचा पुरावा आहे का? की फक्त तुम्हाला बरं वाटतं?

जुनी_वही:
नेमका दुखरा प्रश्न. पुरावा पातळ आहे. वॉटकिन्स यांनी २०११ मध्ये तीस वर्षांचं संशोधन चाळलं आणि सुपरव्हिजनमुळे क्लायंट जास्त बरे होतात असं ठामपणे म्हणता येईल इतके चांगले अभ्यासच त्यांना सापडले नाहीत. थेरपिस्टचं स्वतःबद्दलचं भान वाढतं, आत्मविश्वास वाढतो, याचा पुरावा बरा आहे. मला विचाराल तर यात आमचाच दोष, कारण बरीच वर्षं सुपरव्हिजन म्हणजे थेरपिस्टने आठवणीतून गोष्ट सांगायची आणि सुपरव्हायजरने त्या गोष्टीवर गोष्ट सांगायची, खऱ्या सेशनमध्ये काय झालं ते दोघांनाही माहीत नाही. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४० च्या सुमारास सेशन रेकॉर्ड करायला सुरुवात केली, ते दर थोड्या मिनिटांनी बदलाव्या लागणाऱ्या तबकड्यांवर, आणि आपल्याकडे खिशात फोन असून आपण ऐकायला तयार नाही. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, दुसरं कारण नाही.

पण एक प्रसंग सांगते. एक मुलगा माझ्याकडे केस घेऊन यायचा, त्याची क्लायंट प्रत्येक सूचनेला 'हो, पण' म्हणायची. मी त्याला एक मार्ग सुचवला. म्हणाला, हो मॅडम, पण. दुसरा सुचवला. हो, पण. वीस मिनिटांत मी इतकी वैतागले की माझा आवाज चढला आणि मी जवळजवळ भाषण सुरू केलं. तेव्हा तो हळूच म्हणाला, 'मॅडम, मी पण तिच्याशी आता असंच बोलायला लागलोय.' खोलीत ती नव्हती पण तिची अख्खी अडचण येऊन बसली होती. याला पॅरलल प्रोसेस म्हणतात, हॅरॉल्ड सर्ल्सने १९५५ मध्ये यावर लिहिलं.

तिरका_बोका:
हे थोडं ज्योतिषासारखं नाही वाटत? घडून गेल्यावर सगळंच जुळतं.

जुनी_वही:
वाटतं. काही सुपरव्हायजर याचा ज्योतिषासारखा वापर करतातही, ट्रेनी उशिरा आला तरी पॅरलल प्रोसेस आणि सुपरव्हायजर स्वतः उशिरा आला तरी पॅरलल प्रोसेस. मी त्याकडे फक्त एक शंका म्हणून बघते, मग रेकॉर्डिंग लावून खरंच तसं आहे का ते तपासते. त्या मुलाच्या रेकॉर्डिंगमध्ये ती बोलायला लागली की चार सेकंदांत त्याचा सल्ला येत होता. आम्ही घड्याळ लावून मोजलं.

नुसता_वाचक:
लिहू की नको करत होतो. माझा एक क्लायंट आत्महत्येने गेला. त्याला आता तीन वर्षं होतील. बातमी कळल्यावर मी पहिलं काय केलं तर त्याची फाइल उघडली आणि शेवटच्या सेशनच्या नोट्समध्ये एक ओळ घालायला पेन उचललं. खोटी नव्हती ती ओळ, आम्ही ते बोललो होतो, मी लिहायचं राहिलं होतं. पण मग पेन हातात धरूनच सुपरव्हायजर सरांना फोन लावला. ते म्हणाले, 'फाइल बंद कर. एक अक्षरही घालू नकोस. मी येतोय.' आले, आणि तासभर काही विशेष बोललेच नाहीत. मग म्हणाले, आता घरच्यांना कोण कळवतंय, तुझ्या आजच्या पुढच्या दोन अपॉइंटमेंट कोण रद्द करतंय, आणि रात्री तुझ्यासोबत कोण आहे. केसबद्दलचं बोलणं आठ दिवसांनी केलं. त्या दिवशी सर नसते तर मी ती ओळ घातली असती आणि मग आयुष्यभर मलाच कळलं नसतं की मी काय केलं होतं आणि काय नाही.

केमटॉब यांचा १९८८ चा अमेरिकेतला सर्व्हे मी नंतर वाचला, सायकॉलॉजिस्टपैकी २२ टक्के आणि सायकिॲट्रिस्टपैकी ५१ टक्के लोकांच्या वाट्याला हे आलेलं होतं. आधी कोणी का सांगत नाही हे?

रात्रपाळी_संपली:
दादा, लिहिलंत ते बरं केलंत.

मधला_स्टॉप:
काय बोलू. सर ग्रेट.

थोडं वेगळं विचारतो, ज्यांना सुपरव्हायजरची फी परवडत नाही किंवा जवळपास कोणी नाही त्यांनी काय करायचं? आम्ही पाच जण पंधरा दिवसांनी ऑनलाइन भेटतो पण ते हळूहळू 'वा, तू किती छान हाताळलंस' क्लब झालंय.

जुनी_वही:
सगळे मित्र असले की तसं होतं. बालिंट गटातली एक युक्ती घ्या. मायकेल आणि एनिड बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये फॅमिली डॉक्टरांचे गट चालवले. पुढे त्या गटांत अशी रीत पडली की केस सांगणाऱ्याने सांगून झाल्यावर खुर्ची मागे ओढायची आणि गप्प बसायचं, बाकीचे आपापसात बोलतात, कोणाला काय वाटलं, कोणाला पेशंटचा राग आला. ऑनलाइन असेल तर कॅमेरा आणि माइक दोन्ही बंद. वीस मिनिटं स्वतःचा बचाव करता येत नाही, मग खरं ऐकू येतं. आणि तीन महिन्यांनी एकदा बाहेरचा सुपरव्हायजर बोलवा, फी पाच जणांत वाटा.

शिकाऊ_उमेदवार:
अपडेट: बाहेरचे सुपरव्हायजर शोधले. संस्थेला सांगायचंय अजून. सांगतो उद्या. परवा नक्की.

खिडकीपाशी:
धागा वर काढते. मेल पाठवला होता. 'नोट्स घेऊन ये, त्या अकरा ओळी पण' एवढंच उत्तर आलं. गेले. मी आधीच सांगून टाकलं की मला ती कंटाळवाणी वाटते आणि असं वाटणं किती वाईट आहे वगैरे. मॅडम म्हणाल्या, विनिकॉट या ब्रिटिश मनोविश्लेषकाने १९४९ मध्ये लिहून ठेवलंय की थेरपिस्टला पेशंटचा द्वेषसुद्धा वाटतो, तुझा तर साधा कंटाळा आहे, पुढे बोल. मग 'मागीलप्रमाणे'वर बोट ठेवून विचारलं, 'मागील म्हणजे कधीचं?' आणि आम्ही पानं उलटी चाळत गेलो, नोट्स जिथे पहिल्यांदा आखडल्या तिथपर्यंत. त्या सेशनच्या शेवटी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'क्ला. ने विचारलं, माझं तेच तेच ऐकून तुम्हाला कंटाळा येत असेल ना. मी म्हटलं, अजिबात नाही.'

म्हणजे तिला माझ्या आधी कळलं होतं. मी हसून उडवून लावलं, आणि त्यानंतर ती खरंच मला काही न देता बोलायला लागली असणार, वरवरचं, पाहुण्यासमोर बोलतात तसं. मॅडमनी यावर काही उपदेश केला नाही, तिच्याशी हे कसं बोलता येईल त्याची आम्ही तीनदा प्रॅक्टिस केली, मॅडम ती झाल्या आणि मी मी. पहिल्या दोन वेळा मी परत 'अजिबात नाही'च म्हटलं.

गुरुवारी ती येतेय. आता महिन्यातून दोनदा सुपरव्हिजन ठरलंय, पहिल्या तीन महिन्यांचे पैसे आधीच भरून टाकलेत म्हणजे मला पळता येणार नाही.

तिरका_बोका:
आणि घड्याळ?

खिडकीपाशी:
बाजूच्या भिंतीवर. दोघींना दिसतं. खिळा अजून जुन्या जागीच आहे, तो काढायचाय.